अडलेला माल, पडलेला भाव

या महिन्याच्या टपालातली निम्मी पत्रं एकाच भीतीची आहेत. बाजार एकदम आपटला तर आमच्या पैशाचं काय? नेहमीप्रमाणे आधीच सांगते, मी ३२ वर्षं बँकेत काढली, उदगीर, अहमदपूर, परभणी अशा शाखा फिरून आता लातुरात घरी आहे. सेबीचं सल्लागाराचं लायसन माझ्याकडे नाही. त्यामुळे अमुक शेअर घेऊ का, तमुक फंड कसा आहे, हे मला विचारू नका. बाकी जे अनुभवाचं आहे ते सांगते. पत्रं थोडक्यात करून छापली आहेत.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. १९९८ ची नोकरी, वय ५७, पुढच्या वर्षी मे अखेर रिटायर. २०१३ पासून एसआयपी करतो. आज फंडात २२ लाख दिसायलेत, सगळे इक्विटीत, म्हणजे शेअरच्या फंडांत. मुलीचं लग्न या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर धरलंय, त्याला ९ लाख लागतील. ४ जून २०२४ ला मतमोजणीची ड्यूटी होती, मोबाइल बाहेर जमा केलेला. रात्री हातात आला तर एका दिवसात लाखभर कमी झालेले. तेव्हापासून रोज सकाळी उठलं की आधी ॲप उघडून बघायलोय. फंडाला स्टॉप लॉस लावता येतो का? का सगळं काढून सोन्यात टाकू?
— एक शिक्षक, ता. औसा

उत्तर : गुरुजी, मतमोजणीच्या हॉलमध्ये तुम्हाला मोबाइल नेऊ दिला नाही, हे उपकारच झाले म्हणायचे. त्या दिवशी सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी पडला, पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. शुक्रवारपर्यंत तो पडण्याआधीच्या पातळीच्या वर गेला होता. मोबाइल खिशात असता तर दुपारी बारा वाजता तुम्ही काय केलं असतं, ते तुम्हालाच माहीत.

आधी स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरवलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विक्री. म्युच्युअल फंडात तो नसतो. तीनच्या आत विक्री टाकली की त्या दिवसाच्या शेवटचा भाव मिळतो, मग तुम्ही सकाळी दहाला घाबरा नाहीतर अडीचला. शेअरमध्ये स्टॉप लॉस लावता येतो, पण मोठ्या पडझडीत त्याचा भरवसा धरू नये. २३ मार्च २०२० चा सोमवार आठवा. बाजार उघडल्यावर तासाभरात १० टक्के खाली गेला, नियमाप्रमाणे पाऊण तास व्यवहार बंद ठेवावे लागले आणि दिवस संपताना १३ टक्के खाली. ज्यांनी शुक्रवारच्या भावाच्या ४ टक्के खाली स्टॉप लॉस लावून ठेवला होता, त्यांचा शेअर उघडतानाच त्याच्या खाली उघडला. मग कुणाचा माल मिळेल त्या भावाला गेला, कुणाचा विकलाच गेला नाही. तीन फुटी बांधाला पाच फूट पाणी आलं तर दुसरं काय होणार.

आता मला जे खरं सांगायचंय ते.

माझे वडील लातूरच्या अडत बाजारात मुनीम होते. शाळा सुटली की मी त्यांच्या गादीवर जाऊन बसायची. काट्यावर माल यायचा, हमाल पोत्याला बांबी मारून मूठभर दाणे काढायचे, आणि शेठ दाण्याकडे बघायच्या आधी शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. वडील घरी आल्यावर आईला सांगायचे, "आज अमक्याला पोरीच्या सासरी दिवाळी न्यायची होती, त्याला भाव पडूनच मिळाला." त्याच दिवशी, त्याच प्रतीचा माल घेऊन आलेला दुसरा माणूस भाव ऐकायचा, गाडी वळवायचा आणि परत न्यायचा. त्याच्या घरी पेरणीचे पैसे वेगळे ठेवलेले असायचे. बाजार दोघांनाही एकच होता. पण पडला तो एकावरच, कारण तो अडलेला होता.

शेअर बाजारातही हेच आहे. भाव पडणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पडलेल्या भावात विकायची वेळ येऊ नये, एवढंच हातात आहे. आणि ती तजवीज भाव बरा असतानाच करावी लागते. पडझडीच्या दिवशी करण्यासारखं काही उरत नाही.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. २००७ च्या डिसेंबरात मी उदगीर शाखेत होते. सेन्सेक्स २० हजारांवर, इन्फ्रा फंडांचं नाव सगळ्यांच्या तोंडी. मी २ लाख टाकले. पैसे कशाचे? मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे, जे २००९ च्या जुलैत लागणार होते. काउंटरवर बसून लोकांना "कमी मुदतीचा पैसा यात घालू नका" असं सांगणारी बाई मी! जानेवारीत २१ हजारांना शिवून आलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात घसरत गेला. २४ तारखेला, दिवाळीच्या चार दिवस आधीच्या शुक्रवारी, तो एका दिवसात ११ टक्क्यांच्या आसपास कोसळून ८,७०० वर आला. मी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता विक्रीचा फॉर्म भरला. हातात आले ८४ हजार. ती पावती अजून माझ्या कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली आहे. यांना पुढची दोन वर्षं कळू दिलं नव्हतं. जुलैत फी भरायची वेळ आली तेव्हा सेन्सेक्स पुन्हा १४-१५ हजारांवर होता, आणि मी पीएफमधून कर्ज काढत होते.

थांबले असते तर सगळं ठीक झालं असतं, असं मात्र म्हणू नका. सेन्सेक्स २०१० च्या दिवाळीला पुन्हा २१ हजारांना टेकला, पण टिकला नाही. २०११ संपताना तो साडेपंधरा हजारांच्या आसपास होता. त्या पातळीच्या वर बसायला त्याला २०१३ ची अखेर उजाडली. म्हणजे जवळपास सहा वर्षं. उलट २०२० मध्ये मार्चात २६ हजारांच्या खाली गेलेला बाजार नोव्हेंबरापर्यंत भरून आला होता. पुढची पडझड सहा महिन्यांची असेल का सहा वर्षांची, हे पडताना कुणालाच कळत नाही. टीव्हीवर सूट घालून बसलेल्यांनाही नाही.

म्हणून गुरुजी, २२ लाखांकडे एकच आकडा म्हणून बघू नका. वहीत एका पानावर लिहा, कोणता पैसा कधी लागणार.

लग्नाचे ९ लाख. तारीख ठरलेली आहे, दहा महिन्यांच्या आत. हे आजच बाहेर काढायला घ्या. "थोडं वर आलं की काढतो" म्हणाल तर तुम्ही माझ्याच वाटेनं निघालात. एक सोय आहे, शेअर-फंड वर्षाच्या वर ठेवला असेल तर नफ्यात दर आर्थिक वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. निम्मे मार्चच्या आत आणि निम्मे एप्रिल लागताच काढले तर दोन वर्षांची सूट मिळेल, १५ हजारांच्या आसपास वाचतील. मंडपवाल्याची उचल निघाली. पण कर वाचवायचा म्हणून एप्रिलच्या पुढे अजिबात जाऊ नका. काढलेले पैसे बँकेत मुदत ठेवीत टाका, दोन बँकांत विभागून. ते का, हे खाली माजलगावच्या ताईंच्या उत्तरात आहे. एजंट "डेट फंडात (कर्जरोख्यांच्या फंडात) ठेवा, जास्त मिळेल" म्हणेल. एप्रिल २०२० मध्ये एका फंड कंपनीनं सहा डेट योजना एका रात्रीत गोठवल्या होत्या. पैसे पुढे टप्प्याटप्प्यानं मिळाले, पण हॉलवाल्याला, केटरिंगवाल्याला "पुढे" चालत नाही.

मग उरले १३. त्यातले ३ लाख दवाखाना आणि घरखर्चासाठी बचत खात्याला जोडलेल्या ठेवीत. हेच तुमचं पेरणीचं बी, याला हात लावायचा नाही.

राहिले १० लाख, ज्यांना तारीख नाही. तुमची नोकरी २००५ च्या नोव्हेंबरच्या आधीची, म्हणजे जुनी पेन्शन. दर महिन्याला महागाई भत्त्यासकट येणारी ती रक्कम म्हणजे बारमाही पाण्याची विहीर आहे, ती मोजायला लोक विसरतात. त्यामुळे हे १० लाख सगळेच्या सगळे बाहेर काढायची गरज नाही. निम्मे इक्विटीत राहू द्या, निम्मे सुरक्षित ठिकाणी न्या. आपल्याकडे सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन ओळी का घालतात? सोयाबीन पावसानं गेलं तर तूर हाताला लागते. तुमचं सगळं रान एकाच पिकाचं आहे.

याचा उपयोग कसा होतो ते आकड्यात बघा. ५ लाख इक्विटी, ५ लाख ठेव. बाजार ४० टक्के आपटला. इक्विटीचे ३ झाले, ठेव ५, एकूण ८. सगळंच इक्विटीत असतं तर ६ उरले असते. आता ठेवीतला १ लाख उचलून इक्विटीत टाकलात, ४ आणि ४. बाजार परत जुन्या पातळीला आला की त्या ४ चे होतात ६.६७, आणि तुमचे एकूण १०.६७. ठेवीचं व्याज मी धरलेलंच नाही. बाजार जिथून पडला तिथंच परत आला, तरी तुमच्याकडे जास्त. उलटंही करायचं, इक्विटी फुगून ६ लाख झाली तर वरचे काढून ठेवीत. हे वाचायला सोपं आहे. पडलेल्या बाजारात ठेव मोडून टाकताना हात थरथरतो, मी २०२० मध्ये केलं तेव्हा माझाही थरथरला.

म्हणून तारीख ठरवून टाका. मी येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) दुसऱ्या दिवशी करते. आदल्या दिवशी शेतात भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील खाऊन माणूस इतका सुस्तावलेला असतो, की बाजाराबद्दल राग-लोभ काही उरत नाही. वर्षातून एक दिवस, अर्धा तास. बाकी ३६४ दिवस ॲप बघून आकडा बदलत नाही. मोबाइलवरून काढून टाका.

आणि पुढच्या वर्षी ग्रॅच्युइटी, पेन्शन विक्रीचे पैसे हातात आले की एक लक्षात ठेवा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला वय ६० लागतं, पण निवृत्त झालेल्याला ५५ नंतरही घेता येते. अट एवढीच, की निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत भरावी लागते, आणि त्या रकमेच्या वर भरता येत नाही. व्याजाचा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, अलीकडे तो ८.२ टक्के राहिलाय. तुम्ही भरताना जो असेल तो पाच वर्षं पक्का. तीन महिने कसे जातात ते सत्कार आणि आहेर मोजताना कळत नाही, आधीच फॉर्म आणून ठेवा.

प्रश्न : मॅडम, वय २९, वाळूजला कंपनीत आहे. शेअरमध्ये साडेतीन लाखांची पोझिशन आहे, त्यात दीड लाख एमटीएफचे, म्हणजे ब्रोकरकडून उधार. पाच शेअर आहेत, सगळे स्मॉलकॅप (लहान कंपन्यांचे). क्रॅशपासून वाचायला निफ्टीचा पुट घेऊन ठेवावा असं एका टेलिग्राम ग्रुपवर सांगितलंय. बरोबर आहे का?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : माझ्या मुलापेक्षा तू लहान, म्हणून अरे-तुरे करते.

पुट म्हणजे पीक विम्यासारखंच. हप्ता भरायचा, पीक गेलं तर भरपाई, नाही गेलं तर हप्ता गेला. फरक दोन. पीक विमा हंगामाला एकदा, हा पुट दर महिन्याला नवा घ्यायचा, म्हणजे बारा हप्ते. दुसरं म्हणजे निफ्टीच्या एका लॉटची (कमीत कमी घ्यावा लागणाऱ्या गठ्ठ्याची) किंमत आता १५ लाखांच्या वर असते. तुझं स्वतःचं भांडवल दोन लाख. बैलगाडीला ट्रकचा विमा काढल्यासारखं झालं. त्यातून तुझे पाच स्मॉलकॅप निफ्टीच्या तालावर नाचतीलच असं नाही. निफ्टी जागेवर आणि तुझे शेअर ३० टक्के खाली, असं झालं तर हप्ताही गेला आणि मालही. खरं सांगू का, असे पुट घेणारे दोन महिन्यांनी विमा विसरतात आणि सट्टा खेळायला लागतात. सेबीनंच हिशोब काढलाय, मार्च २०२४ पर्यंतच्या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी १०० मध्ये ९३ तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर.

तुझा खरा धोका पत्रात एका ओळीत आलाय, आणि तू तो प्रश्न म्हणून विचारलेला पण नाहीस. एमटीएफचे दीड लाख. ते ब्रोकरचं कर्ज आहे, रोज व्याज चढतं. शेअर पडले की तो म्हणणार मार्जिन भर, म्हणजे आणखी पैसे टाक, नाही भरलास तर तोच तुझे शेअर विकणार, तेही सगळ्यात पडलेल्या भावात. साडेतीन लाखांचा माल ४० टक्के पडला तर उरतात २ लाख १० हजार, त्यातले दीड लाख ब्रोकरचे. तुझ्या दोन लाखांचे राहिले साठ हजार. बाजार ४० टक्के पडला आणि तू ७०. वर मी ज्या अडलेल्या माणसाचं सांगितलं, तो तू आहेस. फक्त तुझी उचल अडत्याकडून न येता मोबाइलवरून आली.

या आठवड्यात शेअर विकून ते दीड लाख फेड. कोणते विकायचे ते मी सांगणार नाही, पण ज्या कंपनीचा धंदा काय आहे हे तुला आईला समजावून सांगता येत नाही, तिथून सुरुवात कर. ग्रुप सोड. उरलेल्यावर पगारातून दर महिन्याला इंडेक्स फंडात (निफ्टीतले सगळे शेअर घेणाऱ्या फंडात) टाक. तुझ्या वयाला बाजार पडलेलाच बरा, स्वस्तात मिळतं.

प्रश्न : ताई, आम्ही शेअरच्या नादी कधी लागलो नाही. माझे व मालकांचे मिळून ७ लाख एका मल्टिस्टेट पतसंस्थेत १२ टक्क्यांनी ठेवले होते. दीड वर्ष झालं शटर बंद आहे. आता उसाचे आणि एक गुंठेवारीचा प्लॉट विकून ६ लाख आलेत. कुठं ठेवावेत? कुणावर विश्वास बसंना.
— माजलगाव, जि. बीड

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. अशी पत्रं आपल्या भागातून खूप येतात.

शेअर बाजार रोज डोळ्यांसमोर पडतो, म्हणून त्याची भीती वाटते. पतसंस्थेचा पासबुकावरचा आकडा शेवटच्या दिवसापर्यंत हलत नाही, म्हणून ती सुरक्षित वाटते. शेजारची बँक ७ टक्के देत असताना कुणी १२ देत असेल, तर वरचे ५ टक्के कशाचे, एवढं विचारायचं. मला हे आता म्हणणं सोपं आहे, तुमच्या जागी आमचेही नातेवाईक आहेत.

बँकेतल्या ठेवीला विमा असतो. एका बँकेत एका माणसाचे मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. त्या बँकेच्या चार शाखांत ठेवले तरी मिळून ५ च. फेब्रुवारी २०२० आधी हीच रक्कम फक्त १ लाख होती. नागरी सहकारी बँका, जिल्हा बँक यांनाही हा विमा लागू आहे. पण पतसंस्थेला नाही, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीलाही नाही. पाटीवर मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असू द्या, दारातून आत जायच्या आधी "ठेव विमा महामंडळात तुम्ही आहात का" एवढंच विचारा. रिझर्व्ह बँकेनं एखाद्या बँकेवर निर्बंध आणले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायचा कायदा २०२१ मध्ये झालाय.

तेव्हा ६ लाखांतले ३ तुमच्या एकटीच्या नावावर एका राष्ट्रीयीकृत बँकेत, ३ मालकांच्या नावावर दुसरीकडे किंवा पोस्टात. दोन्हीकडे वारस नोंद करून घ्या. व्याज कमी मिळेल. मिळू द्या.

अडकलेल्या ७ लाखांसाठी मूळ ठेव पावत्या जपा, झेरॉक्स कुणालाही द्या पण मूळ पावती देऊ नका. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, त्याखाली पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत तुमची तक्रार आणि रक्कम नोंदलेली असली पाहिजे. अवसायक (बुडालेली संस्था गुंडाळणारा अधिकारी) नेमला असेल तर त्याच्याकडे वेगळा दावा भरावा लागतो, पोलिसांत दिलं म्हणजे तिकडे गेलं असं होत नाही. "पाच टक्के द्या, पैसे काढून देतो" म्हणणारे आता दारात येतील. त्यांना पाणीसुद्धा विचारू नका.

प्रश्न : हळदीचे पैसे आलेत. शेअर नको, सगळं सोनंच घ्यावं म्हणते आई. सोनं पडत नाही ना?
— वसमत, जि. हिंगोली

उत्तर : पडतं. २०१२ च्या अखेरीस तोळा ३१-३२ हजारांवर होता, २०१५ मध्ये २५-२६ हजारांवर आला. तेव्हा घेतलेल्यांना बरीच वर्षं वाट बघावी लागली. पण शेअर आपटतात तेव्हा सोनं बहुतेकदा त्यांच्याबरोबर आपटत नाही, म्हणून दहातला एखादा वाटा सोन्यात असावा. गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर गोल्ड ईटीएफ (शेअरसारखं डीमॅट खात्यात ठेवायचं सोनं) घ्या किंवा वळं घ्या. दागिना मोडायला गेलात की घडणावळ गेली, वर सराफ तूट धरणार. आईंना हौस असेल तर पाटल्या जरूर करा, फक्त त्या हळदीच्या हिशोबात धरू नका. त्या मोडायचं कुणाच्या जिवावर येणार आहे?